दोन्ही चाकांना स्प्रिंग

चाकाखालच्या खड्ड्याचा धक्का स्वाराच्या पाठीपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, ही खटपट जवळजवळ सायकलीइतकीच जुनी आहे. लंडनच्या लिन्ली अँड बिग्ज या पेढीने 1885 च्या सुमारास ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली होती. तीत बैठक, हँडल आणि पायडल ही तिन्ही स्प्रिंगच्या आधाराने चाकांपासून अलग केलेली होती. परंतु 1888 साली बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि या कारागिरीची गरजच सरली. रबरी नळीत कोंडलेली हवा तेच काम कमी वजनात व कमी खर्चात करू लागली. आपल्याकडे दूधवाल्याच्या सायकलीला जी स्प्रिंग उरली, ती केवळ बैठकीखालची. रस्ता बरा असला म्हणजे तेवढ्यावर भागे. बरा नसला तरी भागवून घेतले जाई.

हा प्रश्न पुन्हा निघाला तो जेथे रस्ताच नव्हता अशा ठिकाणी. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगणा आहे. तेथील काही तरुण 1970 नंतरच्या दशकात भंगारातून 1930–40 च्या काळातील जाड टायरांच्या अवजड सायकली उचलून आणीत आणि डोंगरावरच्या कच्च्या वाटांनी खाली सोडीत. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका वाटेवर 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे साडेतीन किलोमीटरांत ही वाट जवळजवळ 400 मीटर खाली उतरते. पायडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक तेव्हा मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. एकाच उतारात तो इतका तापे की आतले वंगण जळून धूर निघे आणि तळाशी पोहोचल्यावर हब उघडून त्यात पुन्हा वंगण भरावे लागे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच त्या वाटेला ‘रिपॅक’ हे नाव पडले. गॅरी फिशर याने ती 4 मिनिटे 22 सेकंदांत उतरून दाखवली.

जुने सांगाडे मोडू लागले तेव्हा जो ब्रीझ याने 1977 साली याच कामासाठी नवा सांगाडा जोडला. ती सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 1979 मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनवलेले सांगाडे विकावयास काढले. मात्र त्या सायकली हजार डॉलरांहून महाग होत्या. भंगारातून जन्मलेला खेळ तीन वर्षांतच श्रीमंतांच्या दुकानात जाऊन बसला, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. 1981 साली स्पेशलाइज्ड कंपनीने जपानात बनवून घेतलेली ‘स्टम्पजंपर’ 750 डॉलरांना बाजारात आली, तेव्हा कोठे सामान्य गिऱ्हाइकाला या सायकलीकडे पाहण्याचा धीर झाला. स्प्रिंग मात्र यांपैकी एकीलाही नव्हती. धक्के सोसावयाचे ते स्वाराच्या कोपरांनी आणि गुडघ्यांनी.

ती आली मोटारसायकलीच्या धंद्यातून. त्या क्षेत्रात काम केलेल्या पॉल टर्नर याने ‘रॉकशॉक्स’ नावाने 1989 साली हवा आणि तेल यांवर चालणारा पुढचा चिमटा विकावयास आणला. तो जेमतेम 48 मिलिमीटर दबे. जुन्या मंडळींना हा ऐषआराम वाटला. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड याने हाच चिमटा लावून जिंकली. चाक उडाले की ब्रेकही लागत नाही व वळणही घेता येत नाही. स्प्रिंगचे खरे काम चाक जमिनीला धरून ठेवणे हे आहे, आणि आराम हा त्यातला वरकड लाभ, हे त्या दिवशी पुष्कळांना पटले.

मागच्या चाकाचे कोडे याहून अवघड होते. पायडल मारताना साखळीचा ताण मागच्या चाकाला ओढतो, स्वाराचे वजनही पुढेमागे होते. चाक स्प्रिंगवर टांगलेले असले तर सायकल झोपाळ्यासारखी डुलते आणि चढावर पायांतले बळ वाया जाते. यावर काही कंपन्यांनी पायडल आणि मागचे चाक एकाच सांगाड्यात बसवण्याची सोपी तोड काढली. डुलणे थांबले खरे, पण स्वार पायडलांवर उभा राहिला की स्प्रिंगही जवळपास निकामी होई. आणि खडबडीत उतारावर तर उभेच राहावे लागते. मूळच्या ऑस्ट्रियन हॉर्स्ट लाइटनर याने मागच्या चाकाच्या आसाजवळ एक जादा सांधा देऊन ही अडचण पुष्कळ सोडवली. स्पेशलाइज्डने 1998 साली त्याचे पेटंट विकत घेतले. इतर कंपन्यांनी एक तर त्याचे मोल मोजले, नाही तर निराळ्या वाटा शोधल्या. मुदत संपल्यावर ती रचना सर्वांना खुली झाली, आणि आज मध्यम किमतीच्या सायकलींतही आढळते.

मोजके पैसे घेऊन पहिली अशी सायकल घेऊ पाहणाऱ्याला हा इतिहास उपयोगी पडतो तो येथे. दुकानात दोन्हीकडे स्प्रिंग दिसते, पण स्प्रिंग ही केवळ धक्का साठवते आणि तो लगेच परत करते. तो जिरवावयाचा तर बारीक छिद्रांतून तेल दाबणारी नळी लागते, आणि खर्च आहे तो तिच्यात. अगदी स्वस्त सायकलींत नेमकी तीच नसते. उरते ते ओझे. इतक्याच पैशांत पुढे चांगला चिमटा आणि मागे साधा पक्का सांगाडा असलेली सायकल मिळत असेल, तर तीच घ्यावी. थोडे अधिक जमत असेल, तर चढ, पायवाट आणि उतार अशा सर्व कामांसाठी मागच्या चाकाला 120 ते 140 मिलिमीटर हालचाल पुरते. त्याहून जास्त हालचाल असलेल्या सायकली बहुधा उताराच्याच वेडापायी घेतल्या जातात आणि चढावर जड जातात. शॉकअॅब्सॉर्बर हवेचा असावा, म्हणजे पंपाने तो स्वाराच्या वजनाप्रमाणे बसवता येतो. स्वार सायकलीवर बसल्यावर एकूण हालचालीच्या पाव ते तीस टक्के एवढीच ती दबावी.

जुनी सायकल घेताना बैठक धरून मागची बाजू हलकेच वर उचलून पाहावी. हाताला खडखड जाणवली तर सांध्यांची बेअरिंगे किंवा बूश झिजले आहेत. ते बदलण्याचा आणि शॉकअॅब्सॉर्बर उघडून साफ करण्याचा खर्च विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत आधीच मिळवून मग घासाघीस करावी.