ॲव्हरेज कुणी खाल्लं? अमेरिकन गाड्यांची सात वर्षं

मागच्या व्याख्यानात आपण लॉस एंजेलिसच्या धुरक्यापाशी थांबलो होतो. कॅल्टेकमधले शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की डोळे चुरचुरायला लावणारं धुरकं तयार होतं. आज त्याचा पुढचा भाग. हा धूर आवरण्यासाठी गाड्यांवर जी उपकरणं बसली, त्यांनी ॲव्हरेज खरंच कमी केलं का?

हा प्रश्न अजून जिवंत आहे. आपल्याकडे आजही गॅरेजमध्ये ऐकू येतं, "साहेब, ईजीआर बंद करून टाकू, ॲव्हरेज वाढेल." या समजुतीचं मूळ शोधायला गेलं, तर आपण अमेरिकेतल्या सात वर्षांपाशी येऊन पोचतो: १९६८ ते १९७४.

१९६८ च्या मॉडेलपासून अमेरिकेत देशभर धुरावर मर्यादा आल्या. ३१ डिसेंबर १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी क्लीन एअर ॲक्टवर सही केली. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ च्या मॉडेलपर्यंत ९० टक्क्यांनी कमी करा, असं त्या कायद्याचं म्हणणं होतं. पुढे मुदती लांबल्या, पण कंपन्यांवरचा दबाव खरा होता. त्यांच्या हातात मात्र जुनंच कार्बोरेटरचं इंजिन होतं. मग त्यांनी तेच इंजिन इकडून तिकडून आवळलं.

कसं ते बघू. एक, ठिणगीचं टायमिंग मागे नेलं. ठिणगी उशिरा पडली की बाहेर जाणारा वायू जास्त गरम राहतो आणि उरलेले हायड्रोकार्बन एक्झॉस्टमध्येच जळून जातात. धूर कमी होतो, हे खरं. पण जी उष्णता पिस्टन ढकलायला हवी होती, ती सायलेन्सरमधून बाहेर गेली. तिचे पैसे गाडीवाल्यानेच भरलेले होते! दोन, कॉम्प्रेशन रेशो उतरवला. जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलपासून हे केलं, कारण पुढे कमी ऑक्टेनचं, शिसं नसलेलं पेट्रोल वापरावं लागणार हे दिसत होतं. कॉम्प्रेशन कमी, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलातून काम कमी. तीन, १९७३ च्या सुमारास बहुतेक गाड्यांत ईजीआर आलं. यात थोडा धूर परत सिलिंडरमध्ये सोडतात, त्यामुळे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी बनतात. कल्पना उत्तम, पण त्या काळचं नियंत्रण ओबडधोबड होतं. गाडी अडखळायची, आणि चालवणारा ॲक्सिलरेटर आणखी दाबायचा.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. सगळीच उपकरणं पेट्रोल खात नव्हती. क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, किंवा टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, ही तर हवेत उडून जाणारं इंधन वाचवणारी साधनं.

आणि दोष तरी एकट्या उपकरणांचा होता का? त्याच काळात गाड्या जड झाल्या, एसी सर्रास आला, १९७३ पासून धक्का सोसणारे वजनदार बंपर आले. शिवाय १९७२ च्या सुमारास हॉर्सपॉवर मोजायची पद्धत बदलली, त्यामुळे कागदावरचे आकडे एकदम खाली दिसू लागले. ईपीए या सरकारी संस्थेने १९७३ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा धूर-नियंत्रणामुळे झालेली घट सरासरी साधारण १० टक्के निघाली. तीही मुख्यतः जड गाड्यांत. हलक्या गाड्यांचं फारसं बिघडलं नव्हतं.

पण हिशोब ऐकायला वेळ कुणाला होता? ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि बॉनेटखालच्या त्या नव्या नळ्यांवर लोकांचा राग निघाला. अनेकांनी त्या काढून टाकल्या.

आणि नेमकं त्यानंतर चित्र पालटलं. १९७५ च्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. साफसफाईचं काम सिलिंडरमधून निघून एक्झॉस्टच्या नळीत गेलं. इंजिनाचं टायमिंग पुन्हा त्याच्या सोयीने लावता आलं. १९७५ च्या गाड्या १९७४ च्या गाड्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त ॲव्हरेज देऊ लागल्या, आणि त्यांचा धूरही कमी होता. त्याच सुमारास होंडाने तर सिव्हिकच्या सीव्हीसीसी इंजिनाने कन्व्हर्टरशिवायच मर्यादा गाठून दाखवली.

पुढे १९७७ च्या मॉडेलमध्ये व्हॉल्वोने कॅलिफोर्नियासाठी थ्री-वे कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर एकत्र बसवले. हा कन्व्हर्टर नीट चालायला हवा-पेट्रोलचं प्रमाण अचूक लागतं. म्हणजे धुरासाठी आणलेल्या सेन्सरने पेट्रोलची उधळपट्टीही रोखली. ईपीएच्या नोंदीत अमेरिकेतल्या नव्या गाड्यांची सरासरी १९७५ मध्ये गॅलनला १३.१ मैल होती, १९८७ मध्ये २२. आपल्या भाषेत लिटरला साडेपाच किलोमीटरवरून सव्वानऊच्या पुढे. यात हलक्या गाड्या आणि १९७५ च्या इंधन-कायद्याचा मोठा वाटा आहे. पण याच वर्षांत धुराचे नियमही कडक होत गेले, हे विसरू नये.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आलं. म्हणजे आपल्याकडच्या कन्व्हर्टरच्या गाड्यांना त्या सात वर्षांचा दोष लावता येत नाही.

मग जुनी गाडी बाळगणाऱ्याने काय करावं? ईजीआर तोडलं, की जे टायमिंग त्याला धरून लावलेलं असतं ते बिनसतं आणि इंजिन नॉक करू लागतं. ॲव्हरेज उतरलं असेल तर आधी तडकलेल्या व्हॅक्यूमच्या नळ्या, जुने प्लग, टायरमधली हवा आणि तुंबलेला कन्व्हर्टर बघावा. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं असतं, आणि उपकरण काढल्यावर बाहेर पडणारा धूर आपल्याच गल्लीतली मुलं श्वासात घेतात.

पुढच्या वेळी पेट्रोलमध्ये शिसं घालायला सुरुवात का झाली आणि ते निघायला इतकी वर्षं का लागली, ते बघू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.