चार वर्षांचा प्रेक्षक

फराळाचे डबे तळाला लागले, भाऊबीज आटोपली, की घरोघरी एकच बेत शिजू लागतो : सगळ्यांनी मिळून सिनेमाला जाऊ या. आजोबांपासून शेंडेफळापर्यंत माणसे मोजली जातात, आणि मग कुणीतरी हळूच विचारते, "धाकट्याला झेपेल का हो?" "त्याला काय कळतंय! झोपेल मांडीवर," असे उत्तर येते आणि प्रश्न मिटतो. मला वाटते, हा प्रश्न आपल्या चित्रपटाइतकाच जुना आहे. आणि पहिल्यापासून तो असाच मांडीवर निजवला गेला आहे.

दादासाहेब फाळक्यांचीच हकीकत घ्या. १९११ च्या सुमारास ते आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्राला घेऊन गिरगावातल्या 'अमेरिका इंडिया' चित्रगृहात गेले. खेळ होता प्राण्यांचा. पडद्यावर जनावरे हलताना पाहून पोरगा हरखून गेला. घरी येऊन त्याने आईला सांगितले, तर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी साऱ्या कुटुंबालाच नेले. पाहतात तो खेळ बदललेला! पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र. ख्रिस्ताच्या जागी आपले राम-कृष्ण कधी दिसतील, हा ध्यास तेथूनच लागला, असे सांगतात. चरित्रकार या दुसऱ्या दिवसावर रेंगाळतात, आणि ते साहजिकच आहे. मला मात्र त्या मुलाची मौज वाटते. घरची मंडळी निघाली होती हत्ती-वाघ पाहायला, आणि पाहून आली क्रूस. मूल बरोबर घेऊन चित्रगृहात शिरणाऱ्याची ही फजिती तेव्हापासूनची.

पुढे १९१२ साली विलायतेहून यंत्र आणल्यावर फाळक्यांनी काय टिपले? कुंडीतला वाटाणा! रोज थोडे थोडे चित्रण करीत महिन्याभराची वाढ त्यांनी मिनिटभरात बसवली. दाणा फुटतो, कोंब येतो, वेल चढतो. भांडवलदाराला भुलवण्यासाठी केलेला तो नमुना होता. पण चार वर्षांच्या मुलासाठी त्याहून गोड चित्रपट आपल्याकडे फारसे झाले नाहीत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मग आला 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्याच कॉरोनेशन चित्रगृहात तो लागला, आणि रोहिदासाचे काम केले भालचंद्रानेच. कथा पुराणातली, तेव्हा कुटुंबासह पाहायला हरकत कसली? पण ही कथा बालवर्गातल्या पोराच्या डोळ्यांनी पाहा. राज्य गेले, याचे त्याला काही वाटत नाही. आई विकली जाते, मुलगा मरतो, बाप आईवर तलवार उगारतो, हे मात्र त्याला पुरते कळते. "त्याला काय कळतंय" म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

तुम्ही म्हणाल, हीच कथा आमच्या आजीने आम्हांला सांगितली, आम्ही कुठे दचकलो? खरे आहे. पण आजी गोष्ट सांगताना नातवाच्या तोंडाकडे पाहत असे. ओठ थरथरू लागला की ती स्मशानातून झटकन बाहेर पडे आणि रोहिदासाला उठवून बसवी. कीर्तनकारही पुढच्या रांगेतली पोरे पाहून आख्यान आखडते घेतात. पडद्याला डोळे नसतात. अंधार, भला मोठा चेहरा, आणि थांबायची सोय नाही. सगळा फरक इथे आहे.

ही सोय फाळक्यांनी एकदा नकळत करून ठेवली. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. कथेला आरंभ होण्यापूर्वी ही सात वर्षांची पोर पडद्यावर नुसते चेहऱ्याचे भाव करून दाखवते. हेतू तिच्या अभिनयाची ओळख करून देण्याचा असावा. पण बाळगोपाळांना आधीच कळून चुकते, की ही आपल्यासारखीच एक मुलगी आहे. मग ती यमुनेत उडी घेऊन नागाशी झुंजते, तेव्हा भीतीला गंमतीची किनार येते.

सरकारी शिक्क्यांची कथा थोडक्यात आटोपते. १९१८ साली कायदा झाला, १९२० पासून मुंबईसारख्या शहरांत तपासणी मंडळे बसली, १९५२ च्या कायद्यात 'यू' आणि 'ए' होते, १९८३ मध्ये त्यांच्यामध्ये 'यूए' शिरले. २०२४ पासून त्या 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. सातच्या खाली मात्र वेगळी खूण नाही. 'यू' म्हणजे दार सर्वांना उघडे, एवढाच अर्थ. आत जे आहे ते चार वर्षांच्या जिवाला मानवेल, असे तो शिक्का सांगत नाही.

१९५३ चा 'श्यामची आई' पाहा. आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्याविषयी वाईट बोलण्याची माझी छाती नाही, आणि इच्छाही नाही. दहा वर्षांच्या मुलाला तो जरूर दाखवावा. पण शेवटी आई जाते. आणि आई नजरेआड झाली की ज्याचा जीव खालीवर होतो, त्याला संस्कार म्हणून हे दाखवण्याची घाई कशाला? पाच-सहा वर्षे धीर धरला तर श्याम कुठे पळून जात नाही.

१९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या पुढाकाराने बालचित्र समिती निघाली. केदार शर्मांच्या 'जलदीप'चा १९५७ साली व्हेनिसला गौरवही झाला. ही समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिची दृष्टी बहुतांशी शाळकरी मुलांवर होती. अगदी लहानांची नस ओळखली ती विजया मुळे यांनी. १९७४ च्या त्यांच्या 'एक अनेक और एकता'त जाळ्यासकट उडणारी पाखरे आहेत, पारधीही आहे, पण सारे सात-आठ मिनिटांत संपते. माझ्या बालवर्गात यापेक्षा जास्त वेळ एका जागी बसणारे मूल मला क्वचितच भेटले आहे.

आता हातातल्या फोनवर चित्र हवे तेथे थांबवता येते. आजीची ती सोय जणू परत आली. पण फोन मुलाच्या हाती देऊन थांबवणारे माणूस स्वयंपाकघरात निघून जाते, ही माझी तक्रार मी दर पालकसभेत मांडते, आणि दर सभेत माना डोलतात.

गेल्या साली बालवर्गात मी 'कालिया मर्दन'चा तुकडा लावला होता. मधे मधे थांबवून, पोरांना विचारत विचारत. नाग आला तेव्हा दोघे-तिघे माझ्या पदराशी सरकले. संपल्यावर एक चिमुरडी पुढे येऊन म्हणाली, "बाई, ती मुलगी पोहायला कुठे शिकली?"