फॉल डिटेक्शन: पडल्याचं घड्याळाला कसं कळतं?

मनगटावर घड्याळ असलेली व्यक्ती पडली, तर ते स्मार्टवॉचने स्वतः ओळखणं म्हणजे फॉल डिटेक्शन. ॲपलने ही सोय २०१८ मध्ये वॉच सिरीज ४ बरोबर आणली.

पडताना क्षणभर ॲक्सिलरोमीटरचं रीडिंग शून्याकडे घसरतं, आपटल्यावर एकदम उसळतं. हात कसा फिरला हे जायरोस्कोप सांगतो. त्यानंतर साधारण मिनिटभर हालचाल नसेल, तर घड्याळ अलार्म वाजवून इमर्जन्सी कॉल लावतं (भारतात ११२) आणि तुम्ही निवडलेल्या लोकांना लोकेशन पाठवतं.

खरी गोची पुढे आहे. गुडघे दुखणारी माणसं धाडकन पडतातच असं नाही. न्हाणीत भिंत धरून हळूहळू खाली बसतात आणि मग उठताच येत नाही. आपटणंच नाही, त्यामुळे अलार्मही नाही. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरणं त्यामानाने लवकर ओळखलं जातं.

पडण्याआधीचा अंदाज आयफोनमधलं 'वॉकिंग स्टेडीनेस' (२०२१ पासून) देतं, पावलाची लांबी आणि वेग बघून. पण फोन कमरेजवळच्या खिशात हवा. लुगड्याला खिसा कुठला?

वय ५५ च्या वर भरलं तर फॉल डिटेक्शन आपोआप चालू होतं. मुलाने स्वतःची जन्मतारीख टाकून आजीला दिलेलं घड्याळ असेल, तर सेटिंग तपासा. बिनसिमच्या घड्याळाला कॉलसाठी फोन जवळ लागतो. फोन माजघरात आणि आजी कुळागरात, असं चालत नाही. दोडामार्गातून गंभीर पेशंटला बऱ्याचदा गोव्यात बांबोळीला न्यावं लागतं, तेव्हा इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये मुंबईतल्या मुलाआधी गाडीवाल्या शेजाऱ्याचा नंबर टाका.