घरी अभ्यास करावा की लायब्ररीत? मानपाड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी एक सोपा हिशेब

दहावी-बारावी असो, सीए असो, नीट असो की एमपीएससी, परीक्षा जवळ आली की घराघरात हा प्रश्न निघतोच. एक जण म्हणतो, "घरी अभ्यास होतच नाही." दुसरा म्हणतो, "लायब्ररीत जाऊन नुसत्या गप्पा होतात." दोघांचंही खरं असू शकतं. म्हणून आधी थोडक्यात उत्तर: जिथे तुमचा वेळ दुसरं कोणी मागू शकत नाही, ती जागा अभ्यासाला चांगली. ती जागा घरात मिळत असेल तर बाहेर जायची गरज नाही. मिळत नसेल तर बाहेर शोधावी लागते. कशी शोधायची, ते पुढे पाहू.

मानपाडे दोन, प्रश्न एकच

ठाणे जिल्ह्यात मानपाडा म्हटलं की दोन ठिकाणं डोळ्यांसमोर येतात. एक ठाण्यात घोडबंदर रोडवर, दुसरं डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्याजवळ. दोन्हीकडे उंच टॉवर आहेत आणि चाळी, वन रूम किचनची घरंही आहेत. दोन्ही ठिकाणं रेल्वे स्टेशनपासून लांब आहेत, त्यामुळे 'लायब्ररीत जातो' म्हणणं म्हणजे अनेकदा बस किंवा शेअर रिक्षा धरणं. हिशेबात हा प्रवास धरावाच लागतो.

ग्रंथालय आणि अभ्यासिका यांत फरक आहे

बोलताना आपण दोन्हींना लायब्ररी म्हणतो, पण गोष्टी वेगळ्या आहेत.

• सार्वजनिक ग्रंथालय किंवा वाचनालय: इथे मुख्य असतात पुस्तकं. आपला परिसर या बाबतीत श्रीमंत आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७चा कायदा आहे. त्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळतं आणि अ, ब, क, ड असे वर्ग दिले जातात. पण ग्रंथालय आहे म्हणजे तासन्‌तास बसून अभ्यास करायची सोय असेलच असं नाही. ती विचारून घ्यावी.

• अभ्यासिका: इथे मुख्य असते बसायची जागा. टेबल, खुर्ची, दिवा, चार्जिंगचा पॉइंट, वायफाय. पुस्तकं आपली आपण न्यायची. महिन्याची फी भरून चालणाऱ्या खासगी अभ्यासिका गल्लोगल्ली दिसतात. काही पालिका आणि संस्थाही त्या चालवतात.

• स्पर्धा परीक्षा केंद्र: ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख यांच्या नावाची प्रशिक्षण संस्था हे जवळचं उदाहरण. अशा ठिकाणी जागेसोबत मार्गदर्शन आणि त्याच परीक्षेची तयारी करणारे सोबती मिळतात.

संदर्भ पुस्तकं हवी असतील तर ग्रंथालय, नुसती जागा हवी असेल तर अभ्यासिका, दिशा हवी असेल तर केंद्र. आपल्याला काय कमी पडतंय ते आधी ठरवलं की पैसे वाया जात नाहीत.

शांततेपेक्षा मोठी गोष्ट

घरी अभ्यास मोडतो तो बहुतेक वेळा आवाजाने नाही, हाकेने. "घरीच आहेस ना, मग जरा दूध आण." "पार्सल आलंय, दार उघड." "पाहुणे आलेत, चहा टाक." प्रत्येक काम पाच मिनिटांचं असतं, पण त्यानंतर वाक्याची लिंक पुन्हा लागायला आणखी वेळ जातो. मुलींच्या वाट्याला अशा हाका जास्त येतात, हे घरातल्या मोठ्यांनीही मान्य करायला हवं. एकाच घरात मुलगा अभ्यासिकेत जातो आणि मुलगी घरी 'अभ्यास करते', तेव्हा दोघांना सारखे तास मिळत नाहीत. मुलीने लायब्ररीचा हट्ट धरला तर अनेकदा ती शांतता मागत नसते. हाक येणार नाही असे चार तास मागत असते.

याची दुसरी बाजूही आहे. घरच्यांनी ठरवलं तर एका खोलीतही तसे तास मिळू शकतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिकले. त्यांचे वडील रामजी रात्री दोनपर्यंत स्वतः जागायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि आपण झोपायचे, असं त्यांच्या चरित्रात येतं. दिवसा ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. म्हणजे घर होतं, बागही होती. दोन्हीकडे त्यांच्या वेळेला कोणी हात लावत नव्हतं.

कोणता आवाज खरा त्रास देतो?

पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरच्या गाड्यांचा एकसारखा आवाज काही वेळाने कानाला सवयीचा होतो. बोलण्याचा आवाज तसा नसतो. १९८२ मध्ये सालामे आणि बॅडले या संशोधकांनी दाखवलं की, मागे कोणी बोलत असेल तर आकडे लक्षात ठेवण्याचं काम बिघडतं, मग ते बोलणं आपण ऐकत नसलो तरी. म्हणून शेजारच्या खोलीतली मालिका घोडबंदरच्या ट्रॅफिकपेक्षा जास्त नुकसान करते. अभ्यासिका पाहायला गेलात तर एसीपेक्षा आधी हे बघा: आत कुजबुज चालते का, आणि फोनवर बोलायला बाहेर वेगळी जागा आहे का.

कोणता अभ्यास कुठे?

सगळा अभ्यास एका प्रकारचा नसतो. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलं की, आजूबाजूला माणसं असली की सरावाचं काम सुधारतं, पण नवीन आणि अवघड काम अडखळतं. हे आपल्या टाइमटेबलला छान लागू होतं.

• घरी: पहिल्यांदा समजून घ्यायचा अवघड धडा, मोठ्याने पाठांतर, स्वतःलाच शिकवल्यासारखं बोलणं, व्हिडिओ लेक्चर, घरच्या कोणाकडून प्रश्न विचारून घेणं.

• लायब्ररीत: गणितांचा सराव, नोट्स काढणं, उजळणी, जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवणं. परीक्षेत तीन तास अनोळखी लोकांमध्ये बसूनच लिहायचं असतं. त्याची सवय इथे होते.

जागा बदलली तर वाचलेलं आठवणार नाही, अशी भीती काहींना वाटते. १९७८च्या एका प्रयोगात उलटं दिसलं. शब्दांची तीच यादी दोन वेगळ्या खोल्यांमध्ये वाचलेल्यांना, एकाच खोलीत दोनदा वाचलेल्यांपेक्षा जास्त शब्द आठवले. त्यामुळे सकाळी घर आणि दुपारी लायब्ररी अशी विभागणी बिनधास्त करा.

प्रवासाचा हिशेब

समजा, दिवसाला ८ तास हातात आहेत. लायब्ररीला जायला ४५ मिनिटं आणि यायला ४५ मिनिटं लागतात. म्हणजे दीड तास गेला, साडेसहा उरले. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ९ तास रस्त्यावर. आता प्रामाणिकपणे मोजा. घरी ८ तासांत खरा अभ्यास ४ तास होतो आणि लायब्ररीत साडेसहात ५ होतो, तर प्रवास करूनही लायब्ररी जिंकली. पण घरी साडेपाच होत असेल तर लायब्ररी म्हणजे नुसता थकवा.

वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ आणि कल्याण-तळोजा मेट्रो १२ या दोन्हींच्या आराखड्यात मानपाडा स्थानक आहे. ते गणित पुढे बदलेल. तुमचा निर्णय मात्र सध्याच्या रस्त्यावर घ्या. चालत जाण्याच्या अंतरावरची साधी अभ्यासिका लांबच्या चकचकीत अभ्यासिकेपेक्षा बऱ्याचदा फायद्याची ठरते.

फी भरण्याआधी हे विचारा

• एक दिवस मोफत बसून पाहता येईल का?
• जागा ठरलेली की येईल त्याला पहिली?
• पिण्याचं पाणी, स्वच्छ टॉयलेट आणि इन्व्हर्टर आहे का?
• बाहेर पडायचा दुसरा रस्ता आणि आग विझवायची साधनं आहेत का?
• रात्री उशिरा सुटल्यावर रस्त्यावर वर्दळ आणि दिवे असतात का?
• मध्येच सोडलं तर फी परत मिळते का? उत्तर लेखी घ्या.

घरीच बसायचं ठरलं तर

वेळ आधी जाहीर करा: "सात ते दहा मला हाक मारू नका." कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्या बदल्यात घरातलं एक काम ठरलेल्या वेळी स्वतःहून करा, म्हणजे करार टिकतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. लायब्ररीत गेलात तरी फोन बॅगेच्या तळाशीच हवा. रील बघायला महिन्याची फी भरण्यात अर्थ नाही.

आठ दिवसांची चाचणी

मित्र काय करतो यावर ठरवू नका. चार दिवस घरी बसा, चार दिवस बाहेर. रोज वहीत तीनच गोष्टी लिहा: किती वेळ हातात होता, किती वेळ खरंच अभ्यास झाला आणि रात्री पुस्तक मिटून किती सांगता आलं. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. बसण्याचे तास कोणीही मोजतं, गुण मात्र आठवलेल्याला मिळतात. आठव्या दिवशी वही आई-वडिलांसमोर ठेवा. लायब्ररीची फी मागायची असो किंवा घरात तीन तासांची शांतता, वहीतले आकडे दाखवून मागितलं की नाही म्हणणं कठीण जातं.