डब्यातले पैसे कोणाचे?



मागच्या दशलक्षणात एक मैत्रीण घरी आली होती. पाणी द्यायला मी स्वयंपाकघरात गेले तशी ती मागोमाग आली आणि फळीवरचे दोन डबे पाहून हसायला लागली. एकावर 'जीवदया' लिहिलंय, दुसऱ्यावर 'काळी'. "हे काय गं, कुत्रीच्या नावाचा वेगळा डबा?" म्हणाली. तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांब आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या घराच्या बाहेरचं, दोनशे वर्षांमागचं आहे.

आधी घरातलं सांगते. २०२० चा एप्रिल. टाळेबंदी. यांचं कापडाचं दुकान बंद, लग्नसराईचा माल भरून ठेवलेला, वरून व्यापाऱ्यांची देणी. अशात आमच्या काळीने खाणं सोडलं. सारखी पाणी प्यायची आणि पोट फुगलेलं. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, गर्भाशयात पू झाला असावा, ऑपरेशनशिवाय वाचणार नाही, नागपूरला न्या. ब्रह्मपुरीहून नागपूर म्हणजे नागभीड, भिवापूर, उमरेड करत शंभराहून जास्त किलोमीटर. जिल्ह्याबाहेर जायला पास हवा, आणि गाडी-औषध धरून चौदा हजारांचा हिशेब झाला. घरात खर्चाला जेमतेम सहा हजार. मात्र जीवदयेच्या डब्यात नऊ हजारांवर रक्कम होती. वर्षभर टाकलेली, क्षमावाणीला गोशाळेला पाठवायची.

मी डबा खाली काढला. कुत्री काय जीव नाही? पण सासूबाईंनी हात धरला. "टाकताना बोलून टाकलेत ना पैसे? मग ते आता आपले नाहीत. आणि काळी आपली आहे. आपल्या दारच्याला घालतो ते दान नसतं, ते देणं असतं."

त्या वेळी मला फार राग आला, खोटं कशाला सांगू. जीव जातोय आणि ह्या नियम सांगतायत. शेवटी भासऱ्यांकडून उसने घेतले. पैसे आणि पास यांत दोन दिवस गेले. काळी वाचली, पण त्या दोन रात्री तिचं कण्हणं ऐकलंय ते अजून कानात आहे.

पुढे दुकान सुरू झाल्यावर मी शोधायला लागले, की जनावरांसाठी पैसा ठेवायचा कसा, याचा आपल्या जुन्या लोकांनी काही विचार केला होता का. तर केला होता, आणि त्याची सुरुवातही कुत्र्यांपासूनच झालेली!

मुंबईत तेव्हा कंपनी सरकार बेवारशी कुत्री मारायचं आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस द्यायचं. बक्षीस म्हटल्यावर काय होतं ते ठाऊकच आहे, पाळलेली कुत्रीही घरातून ओढून नेली जाऊ लागली. पारशी लोकांना कुत्रा पवित्र. ६ जून १८३२ ला त्यांनी दंगा केला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, आणि त्या बंदमध्ये जैन व हिंदू व्यापारीही होते. पुढे दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १८३४ ला, मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. पुढे होते सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे शत्रुंजयावर ज्यांची टूक आहे ते मोतीशा शेठ. आज भुलेश्वरला ती गर्दीत दडलेली आहे, आणि चेंबूरला तर 'पांजरापोळ' हे बसथांब्याचं नाव होऊन बसलंय.

मला त्यातली इमारत महत्त्वाची वाटली नाही, पैशाची रीत वाटली. मोठ्या देणग्या मिळाल्याच, पण व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून कापूस, साखर अशा मालावर लागा बसवला. माल विकला की ठरलेला बारीकसा हिस्सा पांजरापोळीचा. कोणाला दया आली म्हणून नव्हे, कोणी हात पसरला म्हणूनही नव्हे. हमाली, दलाली जशी निघते तसा तोही निघायचा. गुजरातेतल्या महाजनांची ही जुनीच पद्धत होती. शिवाय पुढे जागा, दुकानं, त्यांचं भाडं. म्हणजे शेठ लोकांनी जनावरांना उत्पन्न लावून दिलं, खर्च नुसता अंगावर घेतला नाही. घरच्या बाईला हा फरक लगेच कळतो.

आपल्या झाडीपट्टीत असा व्यापारही नव्हता आणि असं महाजनही नव्हतं. इथे जनावराची पुंजी म्हणजे तणस आणि जंगल. धान मळून झालं की खळ्यावर तणसाचा ढीग रचायचा, तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचा. पण यात एक खोट आहे. धान बुडालं की माणसाचा भात आणि बैलाचा तणस एकाच दिवशी बुडतो. १८९६-९७ ला तेच झालं, आणि सावरायच्या आत १८९९ चा पाऊस पुन्हा गेला. विक्रम संवत १९५६, म्हणून गुजराती घरांतून ज्याला छप्पनिया म्हणतात तो हाच दुष्काळ. मध्य प्रांतात तो सगळीकडे पोहोचला, आणि आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता.

जंगल होतं, पण १८७८ च्या कायद्यानंतर ते राखीव झालेलं. चराईला पैसे, गवत कापायला परवानगी. दुष्काळ पडल्यावर सरकारने राखीव जंगलं चराईला आणि कंदमुळांना खुली केली. पण जनावर चालत जंगलापर्यंत जाईल एवढी ताकद त्याच्यात उरली पाहिजे ना! बैल मेला की पाऊस पडूनही नांगरणी नाही. १८८४ च्या कायद्याने बियाणं आणि बैल घ्यायला तकावी मिळत असे, आणि छप्पनियानंतर मॅक्डोनेल साहेबांच्या आयोगाने १९०१ मध्ये सांगितलं, ती तकावी वेळेआधी द्या, लोकांचा धीर सुटायच्या आत द्या. मला हे वाचून आमचे ते दोन दिवस आठवले.

पांजरापोळींचंही सगळंच गोड नव्हतं, आणि हे आपण जैन बायांनी मान्य करायला हवं. छप्पनियात त्यांच्या दारात इतकी गुरं आली की चारा पुरेना, आणि सोडवून आणलेली गुरं आत येऊन उपाशी मेली. इंग्रज लोक तेव्हा टीका करायचे की तुम्ही मारत नाही पण जगवतही नाही. त्यांचा खाटकाच्या सुरीचा उपाय आपल्याला पटणार नाही, पण बोट बरोबर जागी ठेवलं होतं. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकले. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त भार लादणं, आणि पाचवा अन्नपाननिरोध. बांधलेल्या जीवाचं खाणंपिणं अडवणं. मुद्दाम अडवलं तरच अतिचार लागतो अशी माझी लहानपणची समजूत होती. आता वाटतं, दारात बांधून ठेवायचं आणि त्याच्या अडचणीच्या दिवसाची तरतूदच करायची नाही, हे त्याच्या फार जवळ जातं. चार दानांत अभयदान जसं आहे तसं औषधदानही आहेच की. मुंबईत परळला बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ १८८० च्या दशकात निघालं, आणि १८८६ ला पशुवैद्यकाचं कॉलेजही. आसरा देणारे आणि औषध देणारे असे दोघेही लागतात, हे तेव्हाच्या दानशूरांना समजलं होतं.

सरकार आजही मदत करतं, पण तिची वेळ बघा. २०२२ ला लम्पी आला तेव्हा राज्याने भरपाई ठरवली, दुभत्या गाईला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,००० रुपये. ती मिळायची जनावर मेल्यावर. आरमोरीला माझ्या नणंदेच्या दोन गाई महिनाभर आजारी होत्या आणि दोन्ही वाचल्या. मग कसली भरपाई? सरकारी औषध मिळालं, पण त्या महिन्याचं दूध गेलं, वरचा खुराक आणि मजुरी घरातूनच गेली. विम्याचंही तसंच. कानात बिल्ला मारून गाईचा विमा जरूर उतरवा, पण तो मुख्यतः मेल्यानंतरचा आधार आहे. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा नंबर मात्र फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा, आपल्या भागात वाघबिबट्यांनी जखमी केलेल्या गुरांचं प्रमाण पाहता तो कधी लागेल सांगता येत नाही.

तर आमचा दुसरा डबा. मी यांना म्हटलं, मोतीशा शेठांचा लागा आपल्या दुकानात बसवू. हजाराच्या विक्रीमागे पाच रुपये, गल्ला मिटवताना. सुरुवातीला यांनी थट्टा केली, "आता कुत्रीचीही दलाली." पण दिवाळीच्या महिन्यात निघालेली रक्कम बघून गप्प बसले. मंदीत कमी निघते, तेव्हा मी माझ्या किराणा खर्चातून भर घालते. डबा म्हणजे डबाच असं नाही, दोन हजारांवर गेले की बँकेत वेगळ्या खात्यात जातात, नाहीतर घरात कोणाला ना कोणाला गरज पडतेच. किती जमवायचे? एक ऑपरेशन आणि एक नागपूरची खेप, एवढे होईपर्यंत हात लावायचा नाही असं मी ठरवलंय. तेवढे झाले की वरचे जीवदयेच्या डब्यात. उलटं कधीच नाही.

कोणी म्हणेल, हा परिग्रह वाढवणं नाही का? मीही आईंना विचारलं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "परिमाण केलंस ना, किती ते ठरवलंस ना? मग झालं." आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

भासऱ्यांचे पैसे आम्ही त्या वर्षीच्या धनतेरसेला फेडले. काळी आता म्हातारी झालीय, मागचा एक पाय ओढते. परवा दात दुखत असावा म्हणून डॉक्टरांना दाखवलं, साडेतीनशे रुपये लागले. तिच्याच डब्यातून दिले आणि झाकणावर पेन्सिलीने लिहून ठेवले.