लिंबाची फोड

माझ्या लहानपणी आमच्या गावात एक वृद्ध पेन्शनर शिपाई होते. सारा गाव त्यांना सुभेदारआबा म्हणे. सुभेदार ते कधीच झाले नव्हते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर ते मेसोपोटेमियात गेले, कूटच्या वेढ्यात सापडले, आणि तुर्कांच्या कैदेतून कसेबसे जिवंत परतले. तोंडात एकही दात नव्हता. आम्ही पोरे विचारीत, "आबा, दात कुठं गेले?" ते म्हणत, "कूटला पेरलेत. अजून उगवले न्हाईत." मात्र पानात लिंबाची फोड नसेल तर आबा घासाला हात लावीत नसत. म्हाताऱ्याची लहर, असे आम्ही समजत होतो. पुढे इतिहास शिकविण्याचा धंदा पत्करल्यावर कूटची हकिगत वाचली, तेव्हा त्या फोडीचा अर्थ कळला.

डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडची पुणे डिव्हिजन कूटला कोंडली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली. या जवळजवळ पाच महिन्यांत एकाच छावणीत दोन वेगवेगळे रोग पसरले. गोरे शिपाई मैद्याचा पाव खात. त्यांना बेरीबेरीने गाठले. आपले शिपाई कोंड्यासकट आटा खात, म्हणून बेरीबेरीपासून वाचले. पण भाजीपाला संपला होता, आणि घोड्याचे मांस खाण्यास बहुतेकांनी दीर्घकाळ नकार दिला. ताज्या मांसात क जीवनसत्त्वाचा थोडा अंश असतो, तोही त्यांना मिळाला नाही. त्यांच्या वाट्याला स्कर्व्ही आली. नदीकाठचे गवत उपटून खाल्ल्याचे आबा सांगत. घोड्याचा विषय निघाला की मात्र ते उठून जात.

स्कर्व्हीचे स्वरूप भयंकर असते. शरीराच्या पेशींना सांधून ठेवणारे कोलॅजन क जीवनसत्त्वावाचून नीट तयार होत नाही. हिरड्या सुजून रक्त वाहते, दात हलतात, जुने व्रण उघडतात. १७४० साली पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या अँसनच्या आरमारात एका माणसाची पन्नास वर्षांपूर्वीची बुजलेली जखम पुन्हा फुटल्याची नोंद आहे. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवितात. मनुष्याला ते जमत नाही.

या रोगाच्या इतिहासाचे एक पान आपल्याच किनाऱ्यावर उघडते. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून वास्को द गामा ऑक्टोबर १४९८ मध्ये परत निघाला. ईशान्येचे वारे सुरू होण्याची वाट त्याने पाहिली नाही. कोकणच्या कोणत्याही तांडेलाने त्याला थांबविले असते. आफ्रिकेचा किनारा दिसेपर्यंत जवळजवळ तीन महिने गेले आणि तीस माणसे स्कर्व्हीने मेली. प्रत्येक गलबतावर कामापुरती सातआठ माणसे उरली. मालिंदीला पोहोचताच त्यांनी संत्री मागविली. माणसेच पुरेनात म्हणून पुढे एक जहाज जाळून टाकावे लागले. मौज अशी की, जाताना मोंबासाला संत्री खाऊन रोगी बरे झाले होते, पण रोजनिशीकाराने त्याचे श्रेय तिथल्या हवेला दिले होते!

१६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीत लँकेस्टरने आपल्या जहाजावर रोज सकाळी लिंबाचा रस वाटला. हे ज्ञान पुढे विसरले गेले. १७४७ च्या मे महिन्यात जेम्स लिंड या जहाजी डॉक्टरने बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सफरचंदाची आंबवलेली दारू, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचे पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली, तोवर या जोडीतला एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता. तरी ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास सुरू केला तो १७९५ मध्ये. लिंड आदल्याच वर्षी वारला होता. सरकारी दप्तराला दोष द्यावा तर लिंडही निर्दोष नव्हता. फळांचा रस आटवून पाक करावा असे त्याने सुचविले, आणि आटविण्यात त्यातले औषधच उडून जाई.

त्याहून विलक्षण चूक एकोणिसाव्या शतकात झाली. भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडिजमधली छोटी हिरवी लिंबे आरमाराने घेतली. आंबटपणा तोच, तेव्हा गुणही तोच असणार, असा हिशेब. आगबोटींमुळे प्रवास तोकडे झाल्याने चूक लपली. १८७५ च्या नेअर्सच्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत स्कर्व्ही उसळली, तेव्हा लिंबाचाच गुण खोटा, असे कित्येक शहाणे म्हणू लागले. अखेर १९१८ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक व त्यांच्या सहकारिणींनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविले की ताज्या हिरव्या लिंबाची शक्ती पिवळ्याच्या सुमारे चौथा हिस्सा आहे आणि टिकवून ठेवलेल्या रसात जवळजवळ काहीच नाही. हे हिरवे लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबूच! आबांना हे सांगण्याचे धैर्य मला झाले नसते.

याच चिकबाईंनी मोड आलेल्या कडधान्यांचीही परीक्षा केली. कोरड्या धान्यात नसलेला हा गुण मोड येताच उत्पन्न होतो. कूटच्या कोठारात कोरडे धान्य काही काळ तरी होते. आबांच्या घरीदारी मटकीची उसळ शिजत होती. ती छावणीतही स्कर्व्हीवर उतारा ठरेल, हे मात्र त्या वेळी कोणाच्याच ध्यानी आले नाही.

मूळ द्रव्य हाती येण्यास पुढे काही वर्षे लागली. हंगेरीत सेगेद येथे सेंट-द्यॉर्डी यांना एका रात्री पत्नीने भोपळी मिरचीच्या जातीची लाल पाप्रिका वाढली. ती खावीशी वाटेना, म्हणून ते ती उचलून प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत कळले की ही तर क जीवनसत्त्वाची खाण आहे. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मिरची हे मूळचे अमेरिकेचे पीक; आपल्याकडे ते पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले. ज्यांचे खलाशी अंजदीवहून निघून समुद्रात मेले, त्याच दर्यावर्द्यांच्या वंशजांनी.

आबांच्या अंगणात आवळ्याचे झाड होते. आवळ्यात हे सत्त्व लिंबाच्या कितीतरी पट असते, आणि कार्तिकात फांद्या वाकत. तुळशीच्या लग्नाला सारी गल्ली तिथून आवळे नेई. आबा स्वतः तो चाखीत नसत. "दात नसताना आवळा कसा चावायचा, पोरा?" म्हणत, आणि वाटीतली लिंबाची फोड भातावर पिळीत.