श्रेय कॉलेजला, दोष विद्यापीठाला

जून-जुलैत गणेशखिंडीच्या आवारातून चक्कर मारली, तर मल्याळम, बांगला, हिंदी अशा अनेक भाषा कानांवर पडतात. दूरदूरच्या प्रांतांतून आलेली ही मुले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून धडपडत असतात. तेथून रिक्षाने डेक्कनवर या आणि एखाद्या पुणेकर पालकाजवळ विद्यापीठाचे नाव काढा. उत्तर ठरलेले आहे: ‘विद्यापीठाचं काय सांगता? निकाल तरी वेळेवर लावतात का?’

या तफावतीचा अर्थ आपल्याकडे फार पूर्वीच लावून झाला आहे. ‘दुरून डोंगर साजरे’ म्हटले की संपले. बाहेरच्यांना ऐकीव कीर्ती दिसते आणि घरच्यांना खरी किंमत ठाऊक असते, असे हे मत. ते मला मान्य नाही. पण प्रतिपक्षाला खोटे पाडायचे, तर आधी त्याला त्याच्या पूर्ण बळानिशी उभे केले पाहिजे.

पूर्वपक्षाचे म्हणणे तीन मुद्द्यांत मांडता येते. एक, जो जवळून पाहतो तोच खरे जाणतो. तीन-चार वर्षे ज्याने विद्यापीठ सोसले, त्याच्या मताला दूरच्या माणसाच्या मतापेक्षा अधिक वजन आहे. दोन, बाहेरची कीर्ती उसनी आहे; ती पुणे शहराची, तिथल्या जुन्या महाविद्यालयांची आणि शेजारच्या राष्ट्रीय संस्थांची आहे. तीन, घरची हुशार मुले विद्यापीठाकडे फिरकत नाहीत, आणि पायांनी दिलेले मत हेच खरे मत. तिन्ही मुद्दे वजनदार आहेत. तिन्ही तपासू.

पहिला मुद्दा सान्निध्याचा. घरचा माणूस नेमके काय जवळून पाहतो? संगमनेरच्या किंवा मालेगावच्या संलग्न महाविद्यालयात बी.कॉम. करणारी मुलगी तीन वर्षे विद्यापीठाची विद्यार्थिनी असते. या तीन वर्षांत तिला विद्यापीठ भेटते ते परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, लांबलेला निकाल, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचे शुल्क या रूपांत. तिला शिकवणारे प्राध्यापक महाविद्यालयाचे असतात. विद्यापीठाच्या एकाही विभागाची पायरी ती चढलेली नसते. तिचा अनुभव खरा आहे आणि तिची तक्रार रास्त आहे. पण तो अनुभव परीक्षा विभागाचा आहे. केरळहून एम.एस्सी.ला आलेला विद्यार्थी पाहतो ते प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक आणि संशोधन. दोघे एकाच नावाबद्दल बोलतात, पण एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

या दुभंगाला इतिहास आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला, म्हणजे स्थापनेनंतर बासष्ट वर्षांनी. आपले सार्वजनिक विद्यापीठ जन्माने परीक्षा मंडळ आहे. ज्ञानपीठ ते नंतर झाले. हैदराबाद विद्यापीठासारख्या १९७४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेवर संलग्न महाविद्यालयांचे हे ओझे नाही. तिचे नाव घेतले की एकच आवार डोळ्यांपुढे येते. पुण्याचे नाव घेतले की तीन जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालये येतात. या दोघांना एकाच तागडीत तोलणे हा न्याय आहे का?

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकावर तपासणी सुरू केली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. मुलांचे पुढचे प्रवेश अडले, अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या अनागोंदीचे समर्थन कोणीही करू नये. मीही करणार नाही. पण त्याच विद्यापीठाच्या कालिना आवारातल्या वर्गांत अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र कसे शिकवले जाते, याबद्दल त्या घटनेने काय सिद्ध केले? काहीही नाही.

सान्निध्याच्या युक्तिवादात आणखी एक खोट आहे, आणि ती हिशेबाची आहे. राज्यात यशाचे श्रेय महाविद्यालयाच्या खात्यावर जमा होते आणि चुकांचा बोजा विद्यापीठाच्या खात्यावर चढतो. ‘मी फर्ग्युसनचा’, ‘मी एसपीची’ असे आपण अभिमानाने सांगतो. पदवीवर नाव मात्र विद्यापीठाचे असते. निकाल लांबला की तोच माणूस म्हणतो, ‘विद्यापीठाचा कारभार!’ माटुंग्याच्या यूडीसीटीचे उदाहरण पाहा. १९३३ साली स्थापन झालेली ही संस्था २००८ साली अभिमत विद्यापीठ झाली. त्याआधी कित्येक दशके ती मुंबई विद्यापीठाचा विभाग होती. तिथले प्राध्यापक मनमोहन शर्मा १९९० साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. रासायनिक अभियांत्रिकीत यूडीसीटीचा जगभर दबदबा होता. मुंबईकरांपैकी किती जणांनी हा दबदबा मुंबई विद्यापीठाचा मानला? बाहेरचा माणूस जमा आणि खर्च एकाच खात्यात मांडतो. आपण जमा एका वहीत लिहितो आणि खर्च दुसऱ्या वहीत, मग विद्यापीठ तोट्यात दिसते यात नवल काय?

दुसरा मुद्दा उसन्या कीर्तीचा. पुण्याची विद्येची ख्याती विद्यापीठाहून जुनी आहे, हे निर्विवाद. फर्ग्युसन १८८५ चे, भांडारकर संस्था १९१७ ची आणि विद्यापीठ १९४९ चे. पण आधीच्या पिढीकडून मिळालेल्या धनाला कर्ज म्हणत नाहीत, वारसा म्हणतात. वारसाला विचारायचा प्रश्न एकच: तू भर काय घातलीस? विद्यापीठाकडे उत्तर आहे. रसायनशास्त्र विभागातले हरि जीवन अर्णीकर यांचे अणुरसायनावरचे पाठ्यपुस्तक देशभरच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी वापरले. रा. ना. दांडेकरांसारख्या वेदाभ्यासकामुळे इथल्या संस्कृत अध्ययनाला आंतरराष्ट्रीय मान मिळाला. शर्मिला रेगे यांनी इथल्या स्त्री अभ्यास केंद्रातून जात आणि लिंगभाव यांच्या नात्याची जी मांडणी केली, तिच्याशिवाय भारतातल्या स्त्रीवादी समाजशास्त्राचा अभ्यासक्रम आज पुरा होत नाही. हे सारे शहराच्या हवेत आपोआप पिकले का?

राहिला शेजारच्या संस्थांचा प्रश्न. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली आयुका ही स्वतंत्र संस्था आहे. तिचे श्रेय विद्यापीठाने घेऊ नये. पण ती विद्यापीठाच्याच आवारात आहे, आणि आंतरविद्यापीठीय केंद्र हेच तिचे नाव आणि प्रयोजन आहे. खगोलशास्त्राचे ग्रंथालय आणि व्याख्याने चालत जाण्याच्या अंतरावर असणे हा विद्यार्थ्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. बाहेरचा विद्यार्थी हे हेरून येतो. त्याला भाबडा म्हणायचे की चाणाक्ष?

तिसरा मुद्दा पायांनी दिलेल्या मताचा. घरची हुशार मुले जातात, हे खरे. पण जातात केव्हा? बारावीनंतर, अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या रांगेत. त्या टप्प्यावर त्यांच्यासमोर विद्यापीठाचे विभाग नसतातच. ते विभाग मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणाचे आहेत. बाहेरचा विद्यार्थी येतो तो पदवीनंतर. म्हणजे एकाने नाकारला तो माल वेगळा आणि दुसऱ्याने घेतला तो वेगळा. शिवाय हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. किंमत नाही म्हणून आम्ही जात नाही, आणि आम्ही जात नाही म्हणून किंमत नाही. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. अशा युक्तिवादाने काहीच सिद्ध होत नाही.

आता सर्वांत बोचरा पुरावा. ‘दुरून डोंगर साजरे’ हा नियम खरा असेल, तर जवळच्यांना सर्वच विद्यापीठे क्षुद्र वाटायला हवीत. तसे आहे का? १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे नाव दिल्लीत फार कानांवर येत नाही. पण दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पहिली पदवी त्याचीच आहे आणि तिथे ते आपलेपणाने सांगितले जाते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली, कित्येकांनी तुरुंगवास भोगला. तो लढा सन्मानाचा होता. पण सन्मानाचे नाव कोणी क्षुल्लक वास्तूवर कोरायला निघत नाही. शतकानुशतके बंद ठेवलेले ज्ञानाचे दार म्हणजे विद्यापीठ, हे लढणाऱ्यांना कळले होते. ही माणसे बाहेरची नव्हती. विद्यापीठाच्या सर्वांत जवळची होती.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मी मान्य करतो. बाहेरची कीर्ती नेहमी काही वर्षे मागे असते. २०२४ च्या राष्ट्रीय क्रमवारीत राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या यादीत पुणे देशात तिसरे होते. पुढच्याच वर्षी ते खाली घसरले. प्राध्यापकांची मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालत आहेत. पण याचा अर्थ कीर्ती खोटी होती असा होत नाही. जुनी ठेव मोडून घर चालले आहे, असा होतो.

म्हणूनच हा वाद निव्वळ शब्दांचा नाही. ‘विद्यापीठात आता काही राहिले नाही’ हे वाक्य पुन्हापुन्हा उच्चारले गेले, की पदे न भरणाऱ्यांना आयते समर्थन मिळते. जिथे काही उरलेच नाही, तिथे पैसा कशाला घालायचा? याची झळ खासगी विद्यापीठाचे शुल्क भरू शकणाऱ्याला लागत नाही. ती अकोल्याच्या एखाद्या मुलीला लागते, जिला एम.ए. करायचे तर परवडणारे दार हे एकच आहे.

परीक्षा विभागाला जाब जरूर विचारा, आणि विभागांचे श्रेय विभागांना द्या. दोन्ही नोंदी एकाच वहीत ठेवा, मग निकाल सांगा. वाचकहो, न्यायाधीश तुम्ही आहात. साक्ष मात्र दोन्ही बाजूंची ऐका.